गौरीच्या रात्रीचे पैसे

४ मार्च २०२४, सोमवार

कागद सापडला!

ह्यांच्या ट्रंकेला वर्षश्राद्धापर्यंत हात लावायचा नाही, असं आईंनी — सासूबाईंनी — सांगितलं होतं. पण पीएफच्या फॉर्मला ह्यांचं जुनं पासबुक लागतंय. उघडली. वर थंडीचा कोट, त्याखाली कंपनीचे बूट, अगदी तळाला दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला शंभराचा स्टॅम्प पेपर.

'मी प्रविण, राहणार खांब, तालुका रोहा, लिहून देतो की दिनेश यांजकडून आज रोजी रुपये एक लाख ऐंशी हजार रोख हातउसने घेतले. मागतील तेव्हा परत करीन.' खाली सही. तारीख ६ सप्टेंबर २०२२.

तीनदा वाचला. एक लाख ऐंशी हजार! ह्यांनी? ठेकेदाराकडच्या पगारात आम्ही महिनाअखेरीला दूधवाल्याला थांब म्हणायचो.

बारा जानेवारीला गेले. डोलवीहून घरी येताना, कंपनीच्या बसमध्ये, वडखळ सोडल्यावर. सीटवर बसल्याबसल्या. आज बावन्न दिवस झाले. एवढ्या दिवसांत त्यांच्याबद्दल एकही नवी गोष्ट कळली नव्हती. आज कळली.

५ मार्च

आईंना विचारलं. "नाय गो, माझ्यापाशी कधी बोलला नाय." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "प्रविण चांगला पोर हाय. त्यालाच विचार."

चांगला आहेच. हे आणि प्रविणभावोजी खांबच्या शाळेत एका बाकावर. आम्ही पेणला आलो, ते तिथेच राहिले, हायवेला पिठाची गिरणी घातली. तेराव्याला सगळी भांडी त्यांनीच उचलली होती.

९ मार्च

फोन केला. कागदाचं नाव काढलं. मग — "वहिनी, मी येतो पेणला. समोरासमोर बोलू."

१६ मार्च

आले नाहीत.

१७ मार्च, रविवार

मीच गेले खांबला. भावोजींनी घरात बसू दिलं नाही. "अनितासमोर नको" म्हणाले आणि गिरणीकडे घेऊन आले. पट्टा उतरवून ठेवलेला. हायवेच्या कामात रस्ता उंच झाला, गिरणी खाली खड्ड्यात गेली, गिऱ्हाईक वळत नाही.

"कागद माझाच हाय वहिनी. सही माझीच हाय. पण आता माझ्याकडं काय हाय ते तुमी बघताच."

"थोडे थोडे द्या. आमच्या सुरभीची कॉलेजची फी भरायची आहे."

मान हलवली फक्त. हो की नाही, कळलं नाही.

निघताना अनिता धावत आली, वालाची पिशवी हातात कोंबली. "ताई, पाणीसुद्धा न पिता चाललात?" तिला खरंच काही माहीत नाही. काय सांगणार — तुझ्या नवऱ्याकडे वसुलीला आले होते?

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. किलोभर तरी असतील.

२ एप्रिल

सुरभीचा अलिबागहून फोन. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाचे पासष्ट हजार. जूनच्या आत. "आई, नसतील तर सांग. मी काहीतरी काम बघते." एकोणीस वर्षांची पोर, किती शांतपणे बोलते. मला तेच सहन होत नाही.

माझं अंगणवाडीचं मानधन किती, तिला पाठ आहे.

उद्या मोकल वकिलांकडे जाते.

३ एप्रिल

मोकल वकिलांनी कागद उजेडात धरून बघितला. "ताई, कागद पक्का आहे. आधी नोटीस पाठवू. निम्मे लोक नोटीस बघूनच पैसे देतात."

नोटिशीत 'अन्यथा आपणाविरुद्ध दावा दाखल करण्यात येईल' असं लिहिलंय. तेराव्याची भांडी आठवली. तरी सही केली.

२६ एप्रिल, शुक्रवार

नोटिशीचं उत्तर आलं. मोकलांनी वाचून दाखवलं नाही, कागदच पुढे सरकवला. आता कळलं का ते.

'आमचे पक्षकार व मयत दिनेश यांचे दरम्यान कोणताही उसनवारीचा व्यवहार झालेला नाही. सन २०२२ च्या गौरीच्या जागरणात मौजे खांब येथे पैसे लावून तीन पत्ती खेळताना आमचे पक्षकार सदर रक्कम मयताकडे हरले. मयताने दबाव आणून कागद लिहून घेतला. जुगाराचे देणे कायद्याने वसूल करता येत नाही.'

मयताने दबाव आणून! ज्या माणसानं रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी कधी वाद घातला नाही, त्यानं!

पण मग वकिलांनी विचारलं, "ताई, तुमच्या मिस्टरांकडे एवढे पैसे आले कुठून होते?"

कागद घडी करून पिशवीत टाकला.

२७ एप्रिल

अंगणवाडीत पोरं झोपली तेव्हा बसून विचार केला. त्या गौरीला हे खांबलाच होते, दोन रात्री. गौरी त्यांच्या चुलत्यांकडे बसतात. आईंचा पाय दुखावला म्हणून मी पेणलाच राहिले होते. आणि फोन आला होता — मला लख्ख आठवतोय — मागे आरडाओरडा, हे हसतायत. "जिंकतोय गो मी! आज नशीब हाय माझ्या बाजूला. सकाळी येतो."

मीपण हसले होते. गौरीचं जागरण, कोण पत्ते खेळत नाही? दहा-वीस रुपये लावतात, सकाळी सगळ्यांचा चहा होतो त्यातून.

दहा-वीस रुपये लावत होते असं मी धरून चालले. विचारलं कुठे होतं?

३० एप्रिल

मोकलांना सरळच विचारलं — जुगाराचे पैसे कायद्यानं मागता येतात की नाही?

"नाही," म्हणाले. "करार कायद्याचं कलम तीस. पैज लावली, जुगार खेळला, तर तो कोर्टाच्या दृष्टीनं करारच नव्हे. जिंकलेल्या पैशांसाठी दावा चालत नाही. शिवाय आपल्या मुंबई इलाख्यात एक जुना, इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे. त्यामुळे जुगार खेळायला म्हणून उसने दिले असतील, तरी ते मागता येत नाहीत. वर स्टॅम्प पेपर लिहा नाहीतर चेक द्या, आतलं देणं जुगाराचं असेल तर ते जुगाराचंच."

"मग संपलं?"

"कसं संपेल? जो म्हणतो जुगार होता, त्यानं दाखवून द्यायचं. कागदावर 'हातउसने' लिहिलंय. कागद आपल्या बाजूनं बोलतो. हरलेला माणूस असंच म्हणणार हो. दहातले नऊ असंच म्हणतात."

आणि दहावा? — हे मनात आलं, विचारलं नाही.

५ मे, रविवार

भरत येऊन गेला. ह्यांच्याच पाळीला होता कंपनीत, बारा वर्षं. पोह्यांची बशी हातात दिली आणि विचारलं — हे जुगार खेळायचे का रे?

"कँटीनमध्ये पत्ते कोण खेळत नाय वहिनी. पण जुगार..." खाली बघायला लागला. "एक सांगू? बावीसच्या गणपतीनंतर वर्षभर डबल शिफ्ट मारायचा तो. मी म्हणायचो, मरशील येड्या. हसायचा. पैशांचं काय करतोस विचारलं तर सांगायचा नाय."

डबल शिफ्ट मला माहीत होती. 'ठेकेदाराकडं माणसं कमी हायत' एवढंच म्हणायचे. त्या जादा पगारातला एक पैसा घरात आला नाही. मी कधी बोलले नाही, वाटलं ठेकेदार वेळेवर देत नसेल.

भरत गेल्यावर बशी घासत होते. मला रडू आलं नाही, राग आला. मेलेल्या माणसाचा राग कुणाला दाखवायचा!

१८ जून, मंगळवार

दावा दाखल. रोह्याच्या कोर्टात. वारसा प्रमाणपत्राचा अर्जही सोबत लावला. सुरभीच्या फीसाठी बचत गटातून तीस हजार घेतले. बाकीच्याचे कॉलेजनं हप्ते करून दिले. सुरभीनं तिथल्याच एका दवाखान्यात रविवारचं काम धरलंय.

१० ऑगस्ट

सुरभी घरी आली आणि टेबलावरचे कोर्टाचे कागद वाचले तिनं. मी ठेवायला नको होते तिथे.

"म्हणजे बाबा जुगारी होते."

"असं त्यांचा वकील म्हणतो."

"आणि तू काय म्हणतेस?"

मी कागद गोळा करायला लागले. तेवढंच तिला पुरलं. आतल्या खोलीतून आई ओरडल्या, "माझा पोरगा तसला नव्हता!" सुरभी म्हणाली, "आजी, मग पैसे कुठून आले सांग."

सगळे हेच विचारतात.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीपूजन. खांबला गेलो नाही. पहिल्यांदाच. चुलत सासऱ्यांचा फोन आला, "वाईट वाटून घेऊ नका, पण प्रविणचं घर शेजारीच हाय..." मी म्हटलं, समजलं.

शेजारच्या बायका फेर धरायला बोलावत होत्या, त्यांची मुलं पायरीवर पत्ते वाटत बसलेली. सुरभीनं दार लावून घेतलं.

३ डिसेंबर

तारीख. गेले, बसले, पुढची तारीख घेऊन आले. वडखळला गाडी तास-दीड तास अडकली.

१ जानेवारी २०२५

वर्षश्राद्ध झालं. तिथीप्रमाणे. ह्यांना आवडायचं म्हणून वालाचं बिरडं केलं. सुरभी आली नाही, परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा मार्चमध्ये आहे.

प्रविणभावोजीही नव्हते अर्थात.

८ एप्रिल

पुन्हा तारीख. कोर्टातून बाहेर आले तर रोहा स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी भावोजी उभे. किती वाळलेत! शर्ट अंगावर लोंबतोय. मी तोंड फिरवणार होते पण त्यांनी दोन चहा सांगितले होते आधीच.

उभ्यानंच प्यायलो. मग म्हणाले, "मोटर विकली गिरणीची. आता दुसऱ्याचा टेम्पो चालवतो."

"अनिता कशी आहे?"

"बरी हाय." पेला हातात फिरवत राहिले. "वहिनी, मी तुमाला..." माझी गाडी लागली. कंडक्टर ओरडायला लागला.

काय सांगायचं होतं कोण जाणे. माफ करा, असंच असेल. सगळ्या वाटेत मला वाटत राहिलं — हे खरंच जिंकले असतील तर त्या रात्री हा माणूस किती हरला! घरी अनिता, आणि हा एक लाख ऐंशी हजाराचा कागद लिहून देतोय. आणि समोर बसून लिहून घेणारे कोण? माझेच.

१३ जुलै, रविवार

मंगळवारी बावीसला माझी उलटतपासणी. मोकलांनी घरी बोलावून समजावलं.

"ते विचारणार, मिस्टर पत्ते खेळायचे का? त्या रात्री कुठं होते? तुम्ही म्हणायचं, आठवत नाही."

"मला आठवतंय."

त्यांनी चष्मा काढला. वाईट माणूस नाही तो. "ताई, तीन वर्षांपूर्वीचं नीट कुणालाच आठवत नाही. खोटं बोला असं मी सांगत नाही. आठवत नाही म्हणणं म्हणजे खोटं नव्हे. त्यांचा एकच साक्षीदार आहे, विठू म्हणून, तो म्हणतो पैसे लावून खेळत होते, पण आकडा त्याला माहीत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर कागद जिंकतो."

२१ जुलै

आईंना सांगितलं सगळं. फोनचंसुद्धा. वाटलं ओरडतील. गुडघ्यावरून हात फिरवत बसल्या.

"तुला काय वाटतं गो? होता तो तसला?"

"त्या रात्री जिंकत होते, एवढं मला माहीत आहे."

"मग तेवढंच सांग. जास्त नको, कमी नको. पण पोरीची फी राहिली तर मला बोल लावू नको." आणि पदर तोंडावर घेतला.

२२ जुलै, मंगळवार

झालं. लिहून टाकते, नाहीतर झोप येणार नाही.

पिंजऱ्यात उभं केलं. शपथ. पतीचं नाव विचारलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, चारचौघांत मोठ्यानं नाव घ्यायची वेळ आली नव्हती. "दिनेश" म्हटलं मी.

भावोजींचा वकील तरुण, चुणचुणीत. कागद कुठं सापडला, कधी, पैसे देताना तुम्ही हजर होता का? नव्हते. पतीकडे एवढी रक्कम कुठून आली? माहीत नाही. बँकेतून काढली होती? नाही. दागिने मोडले? नाही.

"चार सप्टेंबर दोन हजार बावीस, गौरीच्या रात्री तुमचे पती कुठं होते?"

"खांबला."

"काय करत होते?"

मोकल कागदात बघत होते, पण त्यांचं पेन थांबलं होतं. भावोजी मागच्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरलेले. म्हणायचं होतं मला — आठवत नाही. दोन शब्द. तोंडात आले होते. पण त्या रात्रीचं हसणं कानात होतं. ते आठवत नाही म्हणायचं म्हणजे काय? ते हसणं पुसायचं? माझ्याकडे त्यांचं तेवढंच राहिलंय.

"जागरण होतं. पत्ते खेळत होते. मला फोन आला होता त्यांचा. म्हणाले, मी जिंकतोय."

वकील एक पाऊल पुढे आला.

"किती जिंकले, सांगितलं?"

"नाही. तेवढंच म्हणाले."

वकील खुश होऊन बसला. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही काय बोललात याचा अर्थ तुम्हाला समजतो ना?"

"हो साहेब."

भावोजींकडे बघितलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी तोंड ओंजळीत घातलं होतं.

बाहेर आल्यावर वाटलं मोकल रागावतील. ते म्हणाले, "ताई, केस हरायचीच असेल तर पुढच्या वेळी आधी सांगा. फी कमी लावीन." आणि उसाचा रस पाजला. त्या माणसाला मी उगाच घाबरत होते.

२३ जुलै

सुरभीला फोनवर सांगितलं. आधी सगळं ऐकून घेतलं. मग, "तू खरं बोललीस ते बरं केलंस." मग, "पण बाबांनी आपल्याला फसवलंच ना."

मी म्हटलं, जेवलीस का?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल. दावा फेटाळला. 'वादीच्या स्वतःच्या कबुलीवरून व साक्षीदाराच्या जबाबावरून सदर रक्कम जुगाराची असल्याची शक्यता अधिक दिसते. असे देणे वसूल करता येत नाही.' खर्च ज्याचा त्यानं सोसायचा.

प्रविणभावोजी आलेच नव्हते.

परत येताना खांब गेलं. गिरणीवर पत्रा ठोकलाय. मन हलकं होईल असं वाटलं होतं. नाही झालं. नुसतं मोकळं वाटतंय — सामान काढून नेलेल्या खोलीसारखं. पैसे गेले त्याचं नाही एवढं. त्यांची माझ्या मनातली जागा बदलली. आता कोर्टाच्या शिक्क्यानिशी बदलली.

१ ऑक्टोबर

अंगणवाडीत वजनं घेतली. एकवीस मुलं. एका पोरानं काट्यावर उभं राहून विचारलं, "बाई, मी किती रुपयांचा?" पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी.

२० ऑक्टोबर

दिवाळी. सुरभी दोन दिवस आली. भिंतीवरचा ह्यांचा फोटो मी पुसत होते, ती बघत होती. हार आणायचा का विचारलं. "तुला वाटत असेल तर आण." आणला नाही.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

अनिता आली होती. एकटीच, सकाळच्या पहिल्या गाडीनं. दारातच खाली बसली, पाणी घेईना. पिशवीतून दवाखान्याची फाईल काढली.

"ताई, तीन वर्षांमागं माझं गाठीचं ऑपरेशन झालं ना पनवेलला? ह्यांनी मला सांगितलेलं, सरकारी योजनेत झालं, एक पैसा लागला नाय. परवा तपासणीला जायचं म्हणून फाईल काढली. हे बघा."

रोख भरल्याची पावती. ७ सप्टेंबर २०२२. एक लाख ऐंशी हजार. पैसे भरणाऱ्याचं नाव — दिनेश.

"योजनेत बसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले दोन दिवसांत करा. दिनेशभाऊंनी कंपनीतली भिशी उचलली, त्याचे हप्ते फेडायला डबल पाळ्या केल्या. ह्यांनीच हात जोडून सांगितलेलं, कुणाला बोलू नको, वहिनीलासुद्धा नको. कागदपण ह्यांनीच आपणहून लिहून दिला. आता मी ती फाईल पुढं ठेवली तेवा सगळं बोलले. वकिलानं शिकवलं, जुगार म्हणा, सुटाल. रडत होते हो. मी त्यांना म्हटलं, तू सुटलास, मी कुठं सुटले?"

मग विचारलं मी, त्या रात्री हे किती जिंकले होते?

"दोनशे चाळीस रुपये. सकाळी सगळ्यांना भजी चारली."

महिन्याला तीन हजार देणार म्हणते. कोर्ट काही का म्हणेना. टेम्पोचे अर्धे आणि तिच्या मजुरीचे अर्धे. मी हो म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. एवढंच मागितलं — पावती आजच्या दिवस ठेवून जा.

सुरभी रात्रीच्या गाडीनं येतेय.

आईंना वाचून दाखवली. त्यांना आता दिसत नाही नीट. नाव दोनदा वाचायला लावलं.